मेड इन इंग्लंड, मुक्काम पोस्ट रोहा

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. ज्युनियर केजीच्या पोरांनी सगळी अक्षरं चकल्यांबरोबर खाऊन टाकली आहेत. परत ए पासून.

घरी येऊन पाय धुवायला गेले तर कपडे भिजवायच्या टबात लोखंडाचं धूड. पाणी चहाच्या रंगाचं आणि वास व्हिनेगरचा. जितेश व्हरांड्यात मोबाइलवर कुठल्यातरी गोऱ्या माणसाचा व्हिडिओ बघत होता.

"टबात काय घातलंत?"

"वाईस हाय. जुना. विठूकडं भंगारात पडला होता."

"आणि मी कपडे कशात भिजवायचे?"

"बादली हाय ना."

(तोंडावर मी त्याला अहो म्हणते. इथे जितेश. वही कोणाला सांगायला जात नाही.)

वाईस म्हणजे वर्कशॉपच्या टेबलाला बोल्टनी बसवलेला लोखंडी जबडा. पुढची दांडी फिरवली की जबडा मिटतो आणि मध्ये ठेवलेली वस्तू गच्च धरून ठेवतो. मग ती कापा, घासा, ठोका. हा वाईस मात्र दांडी फिरवूनही हलत नाही. जबडा अर्धवट उघडा राहून गंजलाय, जांभई देता देता मेल्यासारखा.

जूनमध्ये कंपनीने प्लांट बंद केला. तेव्हापासून जितेश सकाळी सातला आंघोळ करून, कंपनीचा निळा शर्ट घालून खुर्चीत बसतो. संध्याकाळी शर्ट काढून घडी घालून ठेवतो. मळत नाही म्हणून मी धुवायलाही टाकत नाही. तेवढाच साबण वाचतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मला यात काडीचा रस नाही, पण ऐकावं लागतं म्हणून लिहिते. जुन्या वाईसचं वय सांगायच्या खुणा असतात म्हणे. दांडीच्या टोकाचा गोळा कसा आहे, जबड्याच्या दातेरी पट्ट्या पिनांनी बसवल्यात का स्क्रूने, आतल्या मोठ्या स्क्रूचे आटे चौकोनी आहेत का तिरके. आणि रंगाचे थर. कांद्यासारखे एकेक सोलत जायचं, सर्वांत आतला तो कारखान्याचा.

हे सगळं मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं करून सांगितलं. मी टॉर्च धरून. टॉर्च ठेवायला त्याच्याकडे चांगला स्टँड आहे, कालच दिसला होता. पण म्हणतो, स्टँडचा उजेड बरोबर पडत नाय.

९ नोव्हेंबर, रविवार

वाईस सुटला.

तीन दिवस जितेश सांध्यात डिझेल आणि गिअरचं तेल मिसळून सोडत होता. आज शेजारून ब्लो टॉर्च आणून बाहेरून तापवलं, दांडीला पाइप लावून लोंबकळला. ढिम्म नाही. मी चहा घेऊन गेले होते. म्हटलं, लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं की आपण आधी जरा आवळतो, मग सोडवतो, तसं करून बघा.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग दांडी उलट दिशेला, आवळायच्या बाजूला, हळूच दाबली. आतून टक् असा आवाज आला. मग सोडायच्या बाजूला फिरवली आणि ती फिरली. पावशेर गंज खाली पडला.

चहा थंड झाला तरी दोघांनी तसाच प्यायला. मी फक्त बरणीचं झाकण सांगितलं. बाकी सगळं त्याचंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रंग निघायला लागलाय. वर करडा, खाली हिरवा, त्याखाली काळा आणि तळाशी शेंदरी. आणि बाजूच्या फुगीर भागावर उठावाची अक्षरं. जितेशने ब्रशने घासत घासत वाचली: मेड इन इंग. पुढचं लांबीखाली, म्हणजे पुट्टीखाली, गाडलं गेलंय. कोणीतरी खड्डा बुजवल्यासारखी लांबी थापून वर रंग मारलाय.

"इंग म्हणजे इंग्लंडच. दुसरं काय असणार?" तो म्हणाला.

लगेच फोटो काढून जुन्या हत्यारांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. जेवणापर्यंत निदान गावातल्या दहा जणांना फोन झाले. आकारावरून शंभर वर्षांचा असणार, ब्रिटिशांच्या रेल्वेबरोबर आला असणार, असं आधी एकाला सांगितलं. दहाव्याला सांगेपर्यंत 'असणार' गळून पडलं होतं.

ठाण्याचे एक गृहस्थ आहेत, सुशील नावाचे. त्यांच्याकडे फक्त विलायती वाईसचा संग्रह आहे. ते सात डिसेंबरला स्वतः गाडी घेऊन येणार आहेत. जितेशने मला फोन स्पीकरवर लावून ऐकवला. "तुमचं काम फार स्वच्छ आहे," असं ते म्हणाले. जितेशने पुढे विचारलं, "काय म्हणालात? आवाज कट झाला." नेटवर्क चांगलं होतं. त्यांनी परत सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

जितेश केस कापायला गेला होता. मी शेडमध्ये झाडू मारायला गेले. गेले ते गेले, पण ते अर्धवट 'इंग' मला बघवेना. फळ्यावर कोणी अर्धा शब्द सोडला तरी मला जेवण जात नाही. म्हणून जुना टूथब्रश आणि रंग काढायचं औषध घेतलं, लांबी मऊ केली आणि सुईने उकरत बसले. एल आला. ए आला. मग एन.

एन उलटा.

आमच्या वर्गात एन शिकवताना आम्ही म्हणतो: उभी काठी, वरून खाली घसरगुंडी, परत उभी काठी. दरवर्षी निम्मी पोरं घसरगुंडी उलट बाजूला काढतात. लाल पेनाने मी इतक्या एनांवर गोल केलेत की झोपेतही ओळखेन. या शब्दातला पहिला एन सरळ आहे. दुसरा एन साफ उलटा.

इंग्लंडच्या कारखान्यात इंग्लंड लिहिता न येणारा माणूस कसा असेल?

मी तिथेच उलट्या बादलीवर बसून राहिले. फाटकाचा आवाज आला. काय सुचलं कोण जाणे, डब्यातलं ग्रीस बोटावर घेतलं आणि नवी निघालेली तिन्ही अक्षरं माखून टाकली.

जितेश आत आला तो गुणगुणत. जूनपासून पहिल्यांदा. केस फार बारीक कापलेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

पेणला मावशीकडे जाते म्हणून सांगितलं. मावशीकडे गेलेही, पाणी प्यायला. खोटं नको.

विठूला आधी फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला, पेणच्या एका बंद वर्कशॉपचा माल होता. म्हणून पेणच्या बाजारात जुनं हार्डवेअरचं दुकान शोधलं. गल्ल्यावर हैबतराव म्हणून वयस्कर गृहस्थ. मोबाइलवर फोटो दाखवला, ग्रीस पुसून काढलेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हसायला लागले.

"हा शेगडा आपला पेणचा." वाईसला इकडे शेगडा म्हणतात.

"पण इंग्लंड लिहिलंय."

"मग काय पेण लिहिणार? पेण लिहिलं तर घेतला कोणी असता? इकडं एक ओतशाळा होती. सत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. माझे वडील त्यांचे शेगडे विकायचे. माल चांगला. नाव खोटं, लोखंड खरं."

लोखंड ओतायला आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा करतात. ते नमुने कोण करायचं विचारलं तर म्हणाले, जोह्याचं एक मूर्तिकार कुटुंब. मूर्तीवाल्यांचा हात, त्यांना काय अवघड. माणूस गेला, म्हातारी आहे. धोंडुबाई.

जोह्याची बस उभीच होती. बसले.

गावात कारखान्यांच्या दारांत मूर्ती वाळत होत्या, रंगाविना, पांढऱ्या. धोंडुबाई पडवीत बसून वाल सोलत होत्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. डोळ्यांना अंधुक दिसतं.

"कोण गो तू?"

सगळं सांगितलं. फोटो त्यांना काही दिसला नाही, पण ओतशाळा म्हटल्यावर वाल बाजूला ठेवले.

"नमुना मालक करायचे. अक्षरा माझी." मालक म्हणजे त्यांचे यजमान. "पातळ लाकडाची एकेक अक्षर सुटी कापायची नि सरसानं चिकटवायची. ओतशाळावाला कागुद द्यायचा, त्यावर बघून."

"तुम्हाला वाचता येत होतं?"

"नाय गो. फुला-पाना कापतात तशी कापली. का? काय चुकलं का?"

मी सांगितलं, एक अक्षर पालथं चिकटलंय. त्या म्हणाल्या, "तवा पोर कडेवर होता. ओतशाळावाल्यानं तरी बघायचं ना?" थोड्या वेळाने, "त्याला तरी कुठं येत होतं म्हणा."

मग मला त्यांनी वाल दिले, पिशवी भरून. बसमध्ये मांडीवर ती पिशवी आणि डोक्यात एकच: आता हे त्याला कसं सांगू. न सांगताही चालेल. ग्रीस आहेच. सुशीलना काही दिसलं तर दिसलं.

पण ते ठाण्याचे गृहस्थ आहेत आणि वाचता येणारे आहेत. आणि जितेश त्यांच्यासमोर उभा असेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. जेवणानंतर, ग्रीस पुसून, बोट ठेवून.

आधी म्हणाला, इंग्लंडमध्येही चुका होत असतील. मग मी हैबतराव सांगितले, धोंडुबाई सांगितल्या. तो ऐकत होता, पण माझ्याकडे न बघता.

"तुला कुणी सांगितलं होतं तिथं घासायला?"

"कुणी नाही."

"माझं एक काम चांगलं चाललेलं बघवत नाय का कुणाला?"

मी म्हटलं, मी ते लपवायलाही बघितलं होतं. ते तर आणखीच चुकलं बोलायचं. तो उठून गेला. वालाचं बिरडं ताटात तसंच.

मी रडले नाही. भांडी जरा जोरात घासली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस घरात मूकबधिर शाळा. आज संध्याकाळी शेडमधून हाक आली. "अगं, जरा टॉर्च धर."

जबड्याच्या दातेरी पट्ट्या त्याने पहिल्यांदाच खोलल्या होत्या. त्यांचे चार स्क्रू हातात घेऊन बसला होता. आटे मोजायची एक पट्टी असते, कंगव्यासारखी. ती स्क्रूवर टेकवून मला दाखवली. "बघ, फट दिसते का?"

दिसत नव्हती.

"हे मिलिमीटरचे आटे. त्या काळच्या विलायती वाईसला इंचाचे असते. ही पट्टी मी पहिल्याच दिवशी लावायला पाहिजे होती. कंपनीत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला शिफ्ट संपेपर्यंत बोललो असतो."

मग त्याने ग्रुपवर लिहिलं. स्वतः, मला न दाखवता. मी खांद्यावरून वाचलं: वाईस इंग्लंडचा नाही, पेणच्या ओतशाळेचा, अंदाजे १९७० नंतरचा, माझी चूक झाली. मग सुशीलना फोन केला. या वेळी स्पीकरवर नाही. उभं राहून बोलत होता, साहेबाशी बोलतात तसा. ठेवल्यावर म्हणाला, "सभ्य माणूस. पण ते विलायतीच घेतात."

गावातल्या दहा जणांनाही फोन केले. हे मी असते तर केलं नसतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज निळा शर्ट घातला नाही. बनियनवरच, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवला नाही.

दुपारी शेडमध्ये मीच गेले. वाईस सुटा करून ठेवलेला, तसाच राहिला तर उघड्या लोखंडावर परत गंज चढेल, एवढ्याचसाठी. मोठा स्क्रू डिझेलमध्ये धुतला. आट्यांच्या खाचेत सुतळी ओढून ओढून घाण काढली, शाळेत पोरांच्या पाण्याच्या बाटल्यांचे आटे मी असेच साफ करते. मग रंग. काळा का करडा ते ठरवता येईना. म्हणून तळाचा शेंदरी घेतला, लावायला सुरुवात केली.

पाठीमागून आवाज आला, "दातांच्या पट्ट्यांना नको लावूस रंग. तिथं तेल."

किती वेळ उभा होता कोण जाणे. मी म्हटलं, मला कसं कळणार, मी काय फिटर आहे? त्याने दुसरा ब्रश घेतला. अक्षरं मी पांढरी केली. हात माझा सरळ म्हणून ते काम मला दिलं. उलट्या एनशी आले तेव्हा विचारलं, लांबी भरून सरळ करायचा का?

"असू दे. म्हातारीनं लावलाय तसा."

४ डिसेंबर, गुरुवार

धरमतरहून पोपट आला. विठूने पाठवलेला. जेटीजवळ बार्जदुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो. माणूस बोलतो कमी आणि प्रत्येक वस्तू आधी लाथेने तपासतो.

"इंग्लंडचा हाय ना?" त्याने अक्षरं बघून विचारलं.

जितेश म्हणाला, "नाय. पेणचा. लिहिलंय ते खोटं."

"धरतो का?"

जितेशने एक जाड सळई जबड्यात आवळली. पोपटने पाच किलोचा घण मागितला आणि सळई काटकोनात वाकेपर्यंत हाणली. शेडचे पत्रे हलले. सळई वाकली, पण जबड्यातून केसभरही सरकली नाही. पोपटने घण ठेवला, वाईसला एक लाथ मारली आणि म्हणाला, "रविवारी आणून बसवून द्या."

जितेशने सळई सोडवून खिशात घालायला बघितली. ती खिशात मावत नाही हे त्याला नंतर कळलं.

७ डिसेंबर, रविवार

टेम्पो केला. रोह्याहून सरळ धरमतरला जायचं तर जितेश म्हणाला, वाट वाकडी करून आधी जोहे. मी काही बोलले नव्हते. बोलणार होते.

टेम्पोवाला आणि जितेशने वाईस उतरवून पडवीच्या कट्ट्यावर ठेवला. धोंडुबाईंना हात धरून जवळ आणलं. त्यांनी आधी वरून हात फिरवला, गाय विकत घेताना फिरवतात तसा. मग खाली, बाजूला, अक्षरांपर्यंत. तिथे बोटं थांबली. एकेक अक्षर चाचपत गेल्या.

"लोखंड झाल्यावर एवढा जड होतं का? आमचा लाकडाचा नमुना मी एका हातानं उचलायची."

तेव्हा कळलं, त्यांनी लोखंडी वाईस कधी बघितलाच नव्हता. नमुना पेणला जायचा, पैसे यायचे, संपलं.

"नि हे करतं काय?" त्यांनी विचारलं.

जितेशने पडवीतली कोरण्याची लाकडी पट्टी उचलून जबड्यात धरली आणि त्यांचा हात दांडीवर ठेवला. "फिरवा, आजी."

दांडी आता एका बोटाने फिरते. त्यांनी फिरवली, जबडा मिटला, पट्टी अडकली. त्यांनी पट्टी ओढून बघितली. मग दोन्ही हातांनी. मग पाय कट्ट्याला लावून. पट्टी काही येईना.

"धरतंय गो," त्या मला म्हणाल्या. दात नसलेलं हसू होतं, आवाजाविना, खांदे हलत होते.

मग जितेशकडे तोंड करून, "नि तू काय करतोस?"

लोकांनी विचारलं की तो सुट्टीवर आहे म्हणून सांगतो. आज म्हणाला, "घरीच असतो, आजी. कंपनी बंद झाली."

"ते कंपनीचा झाला. तुझं हात काय करतात?"

त्याने वाईसकडे बोट दाखवलं, पण त्यांना ते दिसलं नसणार. मीच म्हटलं, हे यांनीच दुरुस्त केलं. धोंडुबाईंनी दांडी परत फिरवून पट्टी सोडवली. "मंग बरा केलाय," एवढंच म्हणाल्या.

धरमतरपर्यंत जितेश स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होता. मला वाटलं, ग्रीस लागलं असेल. पोपटच्या वर्कशॉपमध्ये वाईस टेबलाला बसवला, चारही बोल्ट आवळले. मग ते दोघं बार्जकडे बघत बराच वेळ बोलत उभे राहिले. मी टेम्पोत बसून होते. बोल्टांबद्दल चाललं असेल.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी मी शाळेची घाई करत होते तर जितेश स्वयंपाकघराच्या दारात. जुना चौकड्यांचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. म्हणाला, "डबा देतेस का?"

"कुठे निघालात?"

"धरमतर. पोपटकडं एका बार्जचा पंप अडकलाय. दोनेक दिवसांचं काम."

भाकरी आणि वालाचं बिरडं होतंच. वरच्या फळीवरून त्याचा डबा काढला. घासला, भरला, झाकण लावलं तर बसेना. आतली रबराची रिंग वाळून तडकली होती. तसाच पिशवीत उभा करून दिला, सांभाळून न्या म्हटलं. तो निघताना म्हणाला, "उद्या बिरड्यात जरा तिखट जास्त घाल."

दोन दिवसांसाठी नवी रिंग कशाला, असं म्हणत दुपारी शाळेतून घरी निघाले. तरी भांड्यांच्या दुकानाशी थांबले. दुकानदाराने विचारलं, एक का दोन?

दोन घेतल्या.